पंधराव्या वर्षी येणारा आवाज: जन्मतः कर्णबधिर किशोरवयीन मुले आणि कॉक्लिअर इम्प्लांट

एक वर्षाच्या बाळाला आणि पंधरा वर्षांच्या मुलाला कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठी आतल्या कानात बसवायचे विद्युत उपकरण, बसवताना शल्यचिकित्सक जे करतो, त्यात फारसा फरक नसतो. कानामागे तशीच चीर, हाडातून तसाच कोरलेला मार्ग आणि तेच उपकरण. दोघांच्या आतल्या कानाचा आकारही जवळजवळ सारखाच असतो, कारण माणसाचा आतला कान जन्माच्या वेळीच पूर्ण वाढलेला असतो. तरीही काही वर्षांनी पाहिले तर ते बाळ बहुधा आजीशी मराठीत हुज्जत घालू लागलेले असते, आणि तो मुलगा दारावरची बेल आणि आईची हाक ओळखत असला, तरी पूर्ण वाक्य समजण्यासाठी समोरच्याच्या ओठांकडे पाहत असतो. लहान मुलांच्या यशाचे व्हिडिओ पाहून आपल्या दहावीतल्या मुलाचीही शस्त्रक्रिया करून घ्यावी असे पालकांना वाटणे स्वाभाविक आहे. पण हा फरक कशामुळे पडतो ते समजून न घेता केलेल्या शस्त्रक्रियेतून निराशाच पदरी पडण्याची शक्यता मोठी असते.

आवाज बाहेरच्या कानातून पडद्यावर आदळतो, पडद्यामागच्या तीन चिमुकल्या हाडांची साखळी त्याची कंपने पुढे ढकलते आणि ती कंपने आतल्या कानातल्या कॉक्लिआ नावाच्या भागात पोहोचतात. कॉक्लिआ म्हणजे गोगलगाईच्या शंखासारखी सुमारे अडीच वेढे घेतलेली, द्रवाने भरलेली नळी. तिच्या आत हजारो सूक्ष्म केसपेशी ओळीने मांडलेल्या असतात. कंपनांनी त्या हलल्या की विद्युत संदेश निर्माण होतो आणि श्रवणनसेच्या सुमारे तीस हजार तंतूंमधून तो मेंदूकडे जातो. या नळीत प्रत्येक सुराची जागा ठरलेली आहे: तोंडाशी तार स्वर, शेंड्याकडे खर्ज. एखादी पेटी गुंडाळून ठेवली आहे अशी कल्पना केली, तर हा प्रकार बराचसा डोळ्यांपुढे येतो. या रचनेचा उलगडा करणाऱ्या गेओर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

जन्मतः कर्णबधिर असलेल्या बहुतेक मुलांमध्ये बिघाड या केसपेशींच्या पातळीवर असतो. कारणे अनेक आहेत: जनुकीय दोष, गरोदरपणात आईला झालेला रुबेलासारखा संसर्ग. नस मात्र बहुतेक वेळा शाबूत असते. साधे श्रवणयंत्र, ज्याला घरोघरी नुसते ‘मशीन’ म्हणतात, ते आवाज मोठा करून त्याच केसपेशींकडे पाठवते. पेशीच नसतील, तर आवाज कितीही मोठा केला तरी पुढे काही जात नाही. कॉक्लिअर इम्प्लांट या पेशींना वळसा घालून थेट नसेला विजेचे सूक्ष्म ठोके देते.

उपकरणाचे दोन भाग असतात. कानामागे अडकवायच्या बाहेरच्या भागात मायक्रोफोन आणि प्रोसेसर असतो. तो आवाजाचे विश्लेषण करून त्याचे पट्ट्यांमध्ये तुकडे करतो आणि लोहचुंबकाने डोक्याला चिकटलेल्या चकतीतून, त्वचेपलीकडे, रेडिओलहरींनी आतल्या भागाकडे पाठवतो. आतला भाग त्वचेखाली, हाडावर बसवलेला असतो आणि त्याची तारेसारखी बारीक शेपटी कॉक्लिआच्या नळीत सरकवलेली असते. या शेपटीवर, कंपनीनुसार, १२ ते २२ विद्युतअग्रे, म्हणजे नसेला वीज देणारी टोके, असतात. ज्या कामासाठी निसर्गाने हजारो पेशी ठेवल्या, ते काम इथे दोन डझनांहून कमी अग्रांवर भागवायचे असते; शिवाय वीज द्रवातून आजूबाजूला पसरत असल्याने ही सगळी अग्रे वेगवेगळी अशी ऐकूच येत नाहीत. एवढ्या तुटपुंज्या माहितीवर माणूस भाषा समजू शकतो, याचे श्रेय यंत्रापेक्षा मेंदूला अधिक आहे. किशोरवयीन मुलांचा सारा प्रश्न इथूनच सुरू होतो.

ऑस्ट्रेलियात शल्यचिकित्सक ग्रॅम क्लार्क यांनी १९७८ साली मेलबर्नमध्ये अनेक अग्रांचे आपले पहिले इम्प्लांट बसवले, तेव्हा तो रुग्ण अपघातानंतर ऐकणे गेलेला प्रौढ होता. आवाज म्हणजे काय, हे त्याच्या मेंदूला ठाऊक होते. ओबडधोबड विद्युत ठोके आले, तरी जुन्या आठवणींशी ते ताडून पाहता येत होते. पाठ असलेल्या अभंगाची अक्षरे पुसट छापली असली, तरी आपण तो वाचतोच. अनोळखी लिपीतला मजकूर मात्र कितीही ठळक छापला तरी उमगत नाही. जन्मतः कर्णबधिर मुलाच्या मेंदूपुढे इम्प्लांट जे ठेवते, ते पुसटही असते आणि अनोळखीही. बाळाला ती लिपी शिकायला अडचण येत नाही, कारण त्याचा मेंदू त्या काळात नेमके तेच काम करत असतो. पंधराव्या वर्षी ती शिकण्याची मुभा बरीच आटलेली असते.

ही मुभा कधी आटते, याचा अंदाज मेंदूच्या विद्युत प्रतिसादांवरून घेता आला आहे. श्रवणसंशोधक अनु शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वेगवेगळ्या वयांत इम्प्लांट झालेल्या जन्मतः कर्णबधिर मुलांना आवाज ऐकवून, मेंदूच्या श्रवणकेंद्राचा प्रतिसाद किती वेळात उमटतो हे मोजले. साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालेल्यांचा प्रतिसाद काही महिन्यांतच समवयस्क ऐकणाऱ्या मुलांच्या बरोबरीला आला. सात वर्षांनंतर इम्प्लांट झालेल्यांपैकी बहुतेकांचा प्रतिसाद इम्प्लांटनंतर कित्येक वर्षे उलटूनही उशिराचाच राहिला. न ऐकणाऱ्या मेंदूतले श्रवणकेंद्र रिकामे पडून राहत नाही. त्यातला काही भाग दृष्टी आणि स्पर्श यांच्या कामाला लागतो, आणि श्रवणकेंद्राचे भाषेच्या इतर केंद्रांशी जे दुवे जुळायला हवे होते, ते नीट जुळत नाहीत. यात मुलाचा आळस नसतो, आईवडिलांचा हलगर्जीपणाही नसतो, आणि डॉक्टरांचे कौशल्य कितीही असले तरी त्यावर इलाज नसतो.

याचा अर्थ सात वर्षांनंतर दार कायमचे बंद होते, असा मात्र नाही. किशोरवयात इम्प्लांट झालेल्या मुलांच्या परिणामांत प्रचंड तफावत दिसते, आणि त्या तफावतीला कारणे आहेत. ‘जन्मतः कर्णबधिर’ या एकाच शब्दाखाली फार वेगवेगळी मुले येतात. एखाद्या मुलीला जन्मापासून तीव्र श्रवणदोष असला, तरी खालच्या पट्टीचे थोडे ऐकू येत असेल, दीड-दोन वर्षांची असल्यापासून तिने दोन्ही कानांना श्रवणयंत्र लावले असेल आणि ती बोलून व्यवहार करत असेल, तर तिच्या श्रवणमार्गाला काही ना काही खुराक मिळत राहिलेला असतो. दुसऱ्या मुलाने कधीच काही ऐकलेले नसते, यंत्र तिसरीत असतानाच कपाटात गेलेले असते आणि तो पूर्णपणे खाणाखुणांच्या भाषेत जगतो. पहिल्या मुलीला इम्प्लांटनंतर ओठांकडे न पाहता बरेच बोलणे समजू लागण्याची आशा धरता येते. दुसऱ्या मुलाच्या बाबतीत तशी आशा दाखवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. इम्प्लांटआधी मुलाचे बोलणे अनोळखी माणसाला कितपत समजते, हा साधा वाटणारा निकष बराच उपयोगी पडतो, कारण आजवर मेंदूपर्यंत किती आवाज पोहोचला, याचा पुरावा त्या उच्चारांतच असतो.

याच तर्काने आणखी एक कोडे सुटते. लहानपणी उजव्या कानात इम्प्लांट झालेल्या आणि उत्तम बोलणाऱ्या मुलाच्या डाव्या कानात पंधराव्या वर्षी दुसरे इम्प्लांट बसवले, तर हा नवा कान जुन्याची बरोबरी चटकन का करत नाही, असा प्रश्न पालकांना पडतो. मुलाला भाषा येत असली, तरी त्या बाजूच्या श्रवणमार्गाने इतकी वर्षे शांतताच अनुभवलेली असते. त्यामुळे त्या कानाला सुरुवातीपासून शिकावे लागते.

इथे एका सापळ्याची ओळख करून द्यायला हवी, कारण त्यात सुशिक्षित पालकही अडकतात. इम्प्लांट सुरू झाल्यावर काही महिन्यांनी श्रवणचाचणी होते आणि ऑडिओग्राम हातात पडतो. आधी ९० डेसिबलच्या पलीकडचा आवाजही न कळणारा मुलगा आता ३० डेसिबलच्या आसपासचे आवाज टिपतो आहे, असे त्या आलेखावर दिसते. साधे संभाषण सुमारे ६० डेसिबलच्या पातळीवर चालते, तेव्हा आलेखापुरते पाहिले तर मुलाला सगळे ऐकू यायला हवे. मग तो उत्तर का देत नाही? तो लक्ष देत नाही, त्याला कंटाळा आला आहे, असा निष्कर्ष घरात निघतो आणि भांडणे सुरू होतात. ऑडिओग्राम फक्त आवाजाची चाहूल लागली का, एवढेच सांगतो. आवाज आहे की नाही हे कळणे, दोन आवाजांतला फरक कळणे, आवाज कशाचा आहे हे ओळखणे आणि त्यातला अर्थ समजणे, या चार वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. पहिली पायरी किशोरवयीन मुलगा काही आठवड्यांत चढतो. चौथ्या पायरीपर्यंत काहीजण पोहोचतात, आणि अनेकजण दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर राहतात. आलेखावरून पायरी ओळखता येत नाही.

तरीही या दुसऱ्या-तिसऱ्या पायरीलाही मोल आहे, आणि ते नेमके कुठे दिसते हे मराठीच्याच उदाहरणाने सांगता येईल. ‘पाय’, ‘बाय’ आणि ‘माय’ हे तीन शब्द आरशासमोर आवाज न काढता म्हणून पाहा. ओठांच्या हालचालीत काहीही फरक दिसणार नाही. ‘तार’, ‘दार’, ‘नार’ यांचेही तेच. ओठ वाचणाऱ्या मुलाला अक्षर तोंडात कुठे तयार झाले हे दिसते, पण ते घोष (कंठ थरथरून उच्चारलेले) आहे की अघोष, नाकातून आले आहे की तोंडातून, हे दिसत नाही. हीच माहिती आवाजाच्या ढोबळ आकारात असते आणि इम्प्लांट नेमका तो ढोबळ आकार बऱ्यापैकी पोहोचवते. म्हणजे ओठ जे लपवतात ते कान सांगतो आणि कान जे नीट सांगू शकत नाही ते ओठ दाखवतात. म्हणूनच नुसते ऐकून फार थोडे शब्द ओळखणारा मुलगा ओठ आणि आवाज यांच्या जोडीवर पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक समजू शकतो, आणि दिवसभर ओठांवर डोळे खिळवून येणारा थकवाही कमी होतो. याशिवाय रिक्षाचा हॉर्न, कुकरची शिटी, मागून कुणी मारलेली हाक, स्वतःचा आवाज किती मोठा निघतो आहे याची जाण, या गोष्टी मिळतात. मेलेल्या बॅटरीमुळे एखादा दिवस यंत्राशिवाय काढावा लागला की त्यांची किंमत त्या मुलालाच सर्वांत आधी कळते.

संगीताबद्दल मात्र मोठी स्वप्ने दाखवू नयेत. ताल चांगला कळतो. ढोलताशांचा ठेका मुलाला आवडू शकतो. सुरांमधले बारीक अंतर इतक्या कमी अग्रांवरून पोहोचवणे कठीण असते.

निर्णयाआधीच्या तपासण्यांत श्रवणचाचण्यांबरोबर सीटी स्कॅन आणि एमआरआय होतात. आतल्या कानाची रचना कशी आहे आणि श्रवणनस आहे का, हे त्यांतून दिसते. नसच नसेल, तर कॉक्लिअर इम्प्लांटचा उपयोग नाही. न्यूमोकॉकस या जिवाणूविरुद्धची लस आधी दिली जाते, कारण इम्प्लांट झालेल्यांना मेंदूच्या आवरणदाहाचा धोका थोडा अधिक असतो. शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन होते आणि साधारणपणे दोन ते चार तास चालते. चक्कर येणे, जिभेच्या एका बाजूची चव काही काळ बदलणे, जखमेत संसर्ग होणे, अशा तक्रारी संभवतात. चेहऱ्याच्या नसेला इजा होण्याचा धोका दुर्मीळ, पण खरा आहे. त्या कानात जे थोडेफार नैसर्गिक ऐकणे उरले असेल तेही जाऊ शकते, ही गोष्ट मुलाला स्वतःला सांगितली गेली पाहिजे.

शस्त्रक्रियेच्या दिवशी ऐकू येत नाही. जखम भरल्यावर, साधारण दोन ते चार आठवड्यांनी, बाहेरचा भाग लावून यंत्र पहिल्यांदा सुरू केले जाते. व्हिडिओंमध्ये दिसणारा आनंदाश्रूंचा क्षण किशोरवयीन मुलांच्या वाट्याला क्वचितच येतो. अनेकांना पहिल्या दिवशी आवाज वाटतच नाही; डोक्यात काहीतरी टकटक होते आहे, थरथरते आहे किंवा टोचते आहे, असे ते सांगतात. ज्याने आवाज कधी अनुभवलेला नाही, त्याला या नव्या संवेदनेला ‘आवाज’ म्हणायचे हेच शिकावे लागते. काहींचे डोके दुखते, काही घाबरतात, काही चिडून यंत्र काढून ठेवतात. हे सगळे अपेक्षित आहे आणि पालकांनी त्या खोलीत मोबाईलचा कॅमेरा रोखून उभे न राहिलेले बरे.

त्यानंतर मॅपिंग सुरू होते. प्रत्येक अग्रासाठी किती विजेला आवाजाची पहिली चाहूल लागते आणि किती वीज झाली की तो आवाज सोसवेनासा होण्याच्या बेतात येतो, या दोन मर्यादा ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, ठरवतो. या दोन मर्यादांमधली जागा फार अरुंद असते आणि कुजबुजीपासून आरडाओरड्यापर्यंतचे सगळे जग तिच्यात बसवायचे असते. बाळ काही सांगू शकत नाही, पंधरा वर्षांचा मुलगा सांगू शकतो, हा त्याचा एक खरा फायदा आहे. पहिल्या वर्षात मॅपिंगच्या अनेक फेऱ्या होतात आणि त्यांच्याबरोबर आठवड्यातून ठरावीक वेळा श्रवणप्रशिक्षण घ्यावे लागते. त्या प्रशिक्षणाचा विषय मुलाच्या वयाचा हवा. क्रिकेटमधल्या खेळाडूंची नावे, घरातल्या माणसांची नावे, रोजच्या बसचे थांबे ओळखण्यापासून सुरुवात केली तर मुलगा टिकतो. ‘भू भू कोण करतं?’ असे विचारले तर तो दुसऱ्या आठवड्यात येणे बंद करतो, आणि त्याचे बरोबरच असते. दहावी किंवा बारावीच्या वर्षात हे सगळे सुरू करणे शहाणपणाचे नाही.

इम्प्लांट वापरणे सोडून देण्याचे प्रमाण याच वयोगटात लक्षणीय असते, आणि त्यामागचे कारण बहुधा तांत्रिक नसते. ज्या मुलाला इम्प्लांट नको होते, वडिलांच्या किंवा काकांच्या आग्रहाखातर जो टेबलावर गेला, तो सहा महिन्यांत यंत्र दप्तरात ठेवू लागतो. कायद्याने अठरा वर्षांखालील मुलाच्या वतीने पालक संमती देत असले, तरी या शस्त्रक्रियेत मुलाचा होकार ही औपचारिकता मानता येत नाही, कारण रोज सकाळी ते यंत्र कानामागे अडकवायचे की नाही, हे शेवटी त्याचा हातच ठरवतो. म्हणून निर्णयापूर्वी त्याला त्याच्याच भाषेत सगळे समजावून सांगायला हवे. तो सांकेतिक भाषेत विचार करत असेल, तर दुभाषा बोलवायला हवा. त्याच्यासारख्याच, म्हणजे जन्मतः कर्णबधिर असून उशिरा इम्प्लांट झालेल्या एक-दोन तरुणांशी त्याची गाठ घालून द्यावी, आणि त्यांच्यापैकी एकाने यंत्र सोडून दिलेले असेल तर अधिकच चांगले.

सांकेतिक भाषा बंद केल्याशिवाय मूल ऐकायला शिकणार नाही, असे अजूनही काही ठिकाणी सांगितले जाते. पंधराव्या वर्षी हा सल्ला मला घातक वाटतो. या वयापर्यंत ज्या भाषेत मुलाने मित्र जोडले, विनोद केले आणि विज्ञानाचे धडे समजून घेतले, ती काढून घेतली तर तिच्या जागी ठेवायला बोलीभाषा अजून तयार नसते, आणि कित्येकदा ती पूर्णपणे तयार होणारही नसते. भाषा पक्की असलेल्या मुलाला नव्या आवाजांना अर्थ जोडणे सोपे जाते, मग ती भाषा हातांची असो वा तोंडाची. लिखित मराठीवर मेहनत घेणे तर दोन्ही वाटांना उपयोगी आहे. ‘ने’, ‘ला’, ‘चा’, ‘त’ हे प्रत्यय बोलताना हलके उच्चारले जातात, ओठांवर दिसतही नाहीत, आणि कर्णबधिर मुलांच्या लेखनात नेमके तेच गळतात.

खर्चाचा भाग थोडक्यात, पण स्पष्टपणे सांगायला हवा. दिव्यांगांना साधने पुरवणाऱ्या केंद्र शासनाच्या ‘एडिप’ योजनेत पात्र मुलांना इम्प्लांटसाठी साहाय्य मिळते आणि मुंबईत वांद्रे येथे असलेली अली यावर जंग राष्ट्रीय वाक्-श्रवण संस्था या कामात मध्यवर्ती भूमिका बजावते. मात्र जन्मतः कर्णबधिर मुलांसाठी या योजनेची वयोमर्यादा साधारण पाच वर्षांची आहे. त्यापुढे अठरा वर्षांपर्यंतची सवलत नंतर ऐकणे गेलेल्या मुलांसाठी आहे. म्हणजे आपला पंधरा वर्षांचा मुलगा बहुधा तिच्यात बसत नाही आणि लाखोंचा खर्च कुटुंबावर येतो. शिवाय खर्च शस्त्रक्रियेपाशी थांबत नाही. बॅटऱ्या, केबल आणि चकती झिजतात, काही वर्षांनी प्रोसेसरच बदलावा लागतो आणि तो स्वतःच महागडा असतो. घाम आणि ओल यांचे प्रोसेसरशी वैर आहे, त्यामुळे कोकणातल्या पावसाळ्यात रात्री तो कोरड्या डबीत ठेवण्याची शिस्त लावून घ्यावी लागते. कुस्तीसारख्या, डोक्यावर मार बसू शकणाऱ्या खेळांबद्दल आधीच विचारून घ्यावे, आणि भविष्यात एमआरआय करण्याची वेळ आली तर इम्प्लांटचे कार्ड डॉक्टरांना दाखवावे, कारण आतल्या लोहचुंबकामुळे त्यावर मर्यादा येतात.

या सगळ्याचा विचार करून एखादी मुलगी ‘नको’ म्हणाली, तर तिला हट्टी ठरवण्याचे कारण नाही. भारतीय सांकेतिक भाषेचा दहा हजार शब्दांचा कोश २०२१ साली तयार झाला आहे, त्याच वर्षी ही भाषा माध्यमिक स्तरावर विषय म्हणून शिकण्याची सोय जाहीर झाली, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने संवादाच्या माध्यमांत सांकेतिक भाषेचा स्पष्ट समावेश केला आहे. अठरा वर्षांनंतर तिचे मत बदलले, तर प्रौढांनाही इम्प्लांट बसवता येते. फक्त मधल्या काळात श्रवणयंत्राचा काही उपयोग होत असेल, तर ते वापरत राहावे, म्हणजे त्या कानाची वाट अगदीच बुजून जात नाही.